मुंबईत एक-दोन रात्रींचा मुक्काम: एअरपोर्टजवळ की शहरात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिसाची मुलाखत, हायकोर्टातली तारीख, टाटामधली तपासणी, परदेशी निघालेल्या मुलाला सोडायला जाणं, नाहीतर नुसतं मधल्या विमानासाठी थांबणं. नागपूर, लातूर, कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडून मुंबईत एक-दोन रात्रींसाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न खोली कुठे घ्यायची हाच असतो. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मुळात ठरवायचं कशावरून?

ज्या कामाची वेळ तुमच्या हातात नाही आणि जे सगळ्यात लवकर आहे, त्याच्याजवळ झोपा. पहाटे ६ चं विमान कुणासाठी थांबत नाही, तशी सकाळी ८ ची मुलाखतही थांबत नाही. मंत्रालयातलं काम मात्र अकराचं बारा झालं तरी बिघडत नाही.

बहुतेक जण नकाशावर किलोमीटर मोजतात आणि तिथेच फसतात. मुंबईत अंतराला फारसा अर्थ नाही, घड्याळाला आहे. दक्षिण मुंबईतल्या फोर्टहून विमानतळाच्या टर्मिनल २ ला रात्री २ वाजता टॅक्सीने पाऊण तास लागतो. संध्याकाळी ६ ला त्याच रस्त्याला दीड-दोन तास जातात. म्हणून मुक्कामात किती फेऱ्या होतील, त्यातल्या किती गर्दीच्या वेळी आहेत आणि कुठल्या दिशेने आहेत, हे आधी कागदावर लिहा. सकाळची गर्दी दक्षिणेकडे वाहते, संध्याकाळची उत्तरेकडे. तुमची फेरी उलट्या दिशेची असेल तर थोडं सुसह्य, पण आता बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि अंधेरीतही कचेऱ्या असल्यामुळे उलट्या दिशेलाही रस्ता मोकळा मिळतोच असं नाही.

‘पहाटेचं विमान’ म्हणजे किती वाजेपर्यंतचं?

उलटं मोजून बघा. समजा टर्मिनल २ वरून ६:१० चं देशांतर्गत विमान आहे आणि बॅग काउंटरवर द्यायची आहे. काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे ५:१० ला बंद होतो. दारावरची ओळखपत्राची रांग आणि बॅगेची रांग धरली तर ४:३० ला पोचायला हवं. फोर्टहून निघायचं तर ३:३० ला गाडीत, त्याआधी वीस मिनिटं गाडी बुक करण्यात, म्हणजे अडीचला उठायचं. एअरपोर्टजवळ मरोळ किंवा चकाल्याला असाल तर ४:०५ ला निघालात तरी चालतं आणि साडेतीनला उठता येतं. एका तासाची झोप वाचली, आणि अडीच वाजता ‘ड्रायव्हरने राइड कॅन्सल केली’ हे बघून पोटात उठणारा गोळाही टळला.

सकाळी साडेआठच्या आधीचं विमान असेल तर एअरपोर्टजवळ राहावं. ती सीमा साडेआठच का, तर भुयारी मेट्रो ३ ची पहिली गाडी सहाच्या सुमारास सुटते आणि दक्षिण टोकाहून टर्मिनल २ ला पोचायला पाऊण तास धरावा लागतो. त्यापुढच्या विमानाला मेट्रो धरून जाता येतं, त्याआधीच्या विमानाला टॅक्सीवर भरवसा ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं, म्हणून तिथे हीच सीमा दहाच्या पुढे सरकते.

रात्री उशिरा उतरणार आहे. मग एअरपोर्टजवळच राहणं सोयीचं नाही का?

सगळ्यात जास्त चुकणारा निर्णय हाच. विमान रात्री ११ ला उतरतं, दमलेला माणूस म्हणतो जवळच पडू या, आणि दुसऱ्या दिवशी १०:३० ला फोर्टात काम असतं. सकाळी साडेआठला सामान घेऊन वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अडकतो, नाहीतर ऑफिसच्या गर्दीत मेट्रोत चढतो.

रात्री बाराला रस्ते मोकळे असतात. तेव्हाच टॅक्सी करून कामाच्या जागेजवळ जाऊन झोपलात तर सकाळी चालत कामाला जाता येतं. उशिरा उतरलात तर शहरात जा, पहाटे उडणार असाल तर एअरपोर्टजवळ राहा. फक्त लॉजला आधी फोन करून ‘रात्री १ वाजता येतोय’ हे सांगून ठेवा. न सांगता गेलात तर खोली दुसऱ्याला देऊन झालेली असू शकते, मग ॲपवर बुकिंग पक्कं दिसत असलं तरी. लहान मुलं किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर हा नियम सोडून द्या आणि सरळ जवळची खोली घ्या.

जाहिरातीत ‘एअरपोर्टपासून २ किमी’ लिहिलंय. खरं धरायचं का?

आधी विचारा, कुठल्या टर्मिनलपासून? मुंबईच्या या विमानतळाला दोन टर्मिनलं आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझ पूर्वेला, हायवेच्या कडेला आहे आणि तिथून फक्त देशांतर्गत विमानं सुटतात. टर्मिनल २ सहारला, अंधेरी पूर्वेकडे. तिथून आंतरराष्ट्रीय विमानं आणि बरीचशी देशांतर्गतही. दोघांच्या धावपट्ट्या त्याच असल्या तरी रस्त्याने मधे चार-पाच किलोमीटर जातात, आणि गर्दीत त्याला अर्धा तासही लागतो. एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडून सुटतात, म्हणून कंपनीच्या नावावरून टर्मिनल ओळखू नका, तिकिटावरचा आकडा वाचा.

दुसरं म्हणजे ॲपवरचं अंतर बहुतेकदा सरळ रेषेतलं असतं, मधे धावपट्टी आडवी येते ते त्यात दिसत नाही. कुर्ला, साकीनाका, घाटकोपरची लॉजंही नावात ‘एअरपोर्ट’ घालतात. साकीनाक्याचा चौक संध्याकाळी पार करून बघितलेला माणूस पुन्हा त्या नावाला भुलत नाही. टर्मिनल २ साठी सहार रोड, मरोळ, चकाला, जे. बी. नगर बघा. टर्मिनल १ साठी विलेपार्ले पूर्व आणि सांताक्रूझ पूर्व. त्यातही विलेपार्ले पूर्व आम्हाला जास्त पटतं. स्टेशन चालत, टर्मिनल १ रिक्षाने दहा मिनिटांवर, रात्री दहालाही वरण-भात मिळू शकतो, आणि बायकांना एकटीने बाहेर पडायला संकोच वाटत नाही.

रिक्षाने टर्मिनलपर्यंत जाता येतं का?

टर्मिनल १ ला सहज. टर्मिनल २ ला जाणाऱ्या उन्नत रस्त्यावर रिक्षाला बंदी आहे, ती खालच्या रस्त्याने येते आणि तुम्हाला लिफ्टने वर निघण्याच्या मजल्यावर जावं लागतं. जास्तीची दहा मिनिटं धरा. आणि रिक्षा वांद्रे-सायनच्या दक्षिणेला चालतच नाही, त्यामुळे दादर, परळ, फोर्टला फक्त टॅक्सी.

मेट्रो ३ सुरू झाल्यावर हा सगळा विचार जुना झाला नाही का?

अर्धा झाला. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. २७ स्टेशनं, त्यात दोन्ही टर्मिनलांची स्वतंत्र स्टेशनं. बीकेसी, दादर, सिद्धिविनायक, वरळी, मुंबई सेंट्रल, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही सगळी एकाच गाडीत. तिकीट १० ते ७० रुपये. दिवसाचं विमान असलेल्या माणसाला आता एअरपोर्टजवळ राहायचं कारण उरलेलं नाही. पूर्वी संध्याकाळी ८ च्या विमानाला फोर्टहून चारला निघावं लागे. आता साडेपाचला निघालात तरी चालतं.

पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते, म्हणजे रात्री दहानंतर उतरणाऱ्याला आणि पहाटे उडणाऱ्याला ती उपयोगाची नाही. भुयारात मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका, तिकीट वर रस्त्यावर असतानाच काढा किंवा सुटे पैसे जवळ ठेवा. आणि स्टेशनं खोल आहेत. सरकते जिने, सामानाची तपासणी, मग फलाट, यात आठ-दहा मिनिटं जातात. दोन मोठ्या बॅगा आणि सोबत आजी असेल तर टॅक्सीच बरी.

मेट्रो १ विसरू नका. घाटकोपर ते वर्सोवा ही मार्गिका मरोळ नाक्याला मेट्रो ३ ला मिळते. मध्य रेल्वेच्या लोकलने येणाऱ्याने घाटकोपरला उतरून मेट्रो १, मरोळ नाक्याला गाडी बदलायची, पुढचंच स्टेशन टर्मिनल २. दादरला उतरून टॅक्सी शोधण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं.

टॅक्सीला किती पैसे धरायचे?

मीटरचा हिशेब स्वतः करता येतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळी टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. रिक्षाला २६ आणि १७.१४. टर्मिनल २ ते फोर्ट २५ किलोमीटर धरले तर मीटरने साधारण ५१५ रुपये. मध्यरात्री ते पहाटे ५ सव्वापट, म्हणजे ६४५ च्या आसपास. सी-लिंकवरून गेलात तर १०० रुपये टोल वेगळा. ॲपची गाडी आणि विमानतळावरची प्रीपेड याहून महाग पडतात, पण रात्री एक वाजता घासाघीस करण्यापेक्षा प्रीपेडचे चार पैसे जास्त गेलेले परवडतात. पावतीवर गाडीचा नंबर असतो, ती पोचेपर्यंत हातात ठेवा आणि पोचल्यावरच द्या.

खोलीची तुलना करताना हे भाडं त्यात मिळवा. एअरपोर्टजवळची खोली ३,५०० ची आणि फोर्टातली ३,००० ची असेल, तर पहाटेच्या टॅक्सीचे ६४५ धरल्यावर फोर्टातली महाग ठरते. दोन दिवस रोज फोर्टला ये-जा असेल तर गणित पुन्हा उलटतं.

बीकेसीत व्हिसाची मुलाखत आहे. कुठे राहू?

अमेरिकेचं वाणिज्य दूतावास बीकेसीत आहे आणि आत मोबाइल, लॅपटॉप, स्मार्ट घड्याळ, बॅग काही नेता येत नाही. या एका नियमाने सगळा मुक्काम ठरतो. सकाळी ८ ची मुलाखत असेल तर सामान हॉटेलात ठेवून, कागदपत्रांची पारदर्शक फाइल आणि थोडी रोकड घेऊन निघायचं. फोन नसल्यामुळे परतताना ॲपची गाडी मागवता येत नाही, रिक्षाला हात करावा लागतो. म्हणून हॉटेल रिक्षावाल्याला एका वाक्यात सांगता येईल अशा ठिकाणी हवं, आणि त्याचं कार्ड खिशात हवं.

बीकेसीतली हॉटेलं महाग आहेत. कलिना, सांताक्रूझ पूर्व, वांद्रे पूर्व इथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं. विलेपार्ले किंवा सहारला राहिलात तर मेट्रो ३ ने बीकेसी स्टेशन आणि पुढे रिक्षा. बोटांचे ठसे आणि मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असतात, म्हणजे दोन्ही दिवस काम याच भागात. इथे एअरपोर्ट की शहर हा वादच नाही, दोन्हींच्या मधे राहायचं. फोर्टात खोली घेऊन सकाळी बीकेसीला येण्यात काही अर्थ नाही.

आणि हायकोर्ट, मंत्रालय, टाटा हॉस्पिटल?

हायकोर्टासाठी हुतात्मा चौक, मंत्रालयासाठी विधान भवन ही मेट्रो स्टेशनं. राहायला सीएसएमटी, क्रॉफर्ड मार्केट, फोर्ट, थोडे जास्त पैसे असतील तर कुलाबा. (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांची ही फेरी बरीच वाचली आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं.)

टाटा मेमोरियलसाठी एअरपोर्टजवळ राहू नका, विमान कितीही वाजताचं असो. तपासणी एका फेरीत संपत नाही. सकाळी रक्त, दुपारी रिपोर्ट, संध्याकाळी डॉक्टर असं चालतं, आणि पेशंटला मधे तासभर पाठ टेकायला जागा लागते. परळ किंवा दादर पूर्व बघा. रुग्ण आणि नातेवाइकांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. जागा मर्यादित असते, म्हणून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करा, शेवटच्या दिवशी नव्हे. उपचार खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात असतील तर मुंबईत राहायचंच नाही, खारघर-बेलापूरला राहायचं.

तिकिटावर ‘नवी मुंबई’ लिहिलंय. तोच विमानतळ ना?

नाही. नवी मुंबईचा विमानतळ पनवेल-उलव्याकडे आहे आणि तिथून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं सुरू झाली. सहारपासून रस्त्याने साधारण ४० किलोमीटर. तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम असतो आणि नवी मुंबईचा एनएमआय. बुकिंगच्या साइटवर ‘मुंबई’ शोधलं की दोन्ही एकाच यादीत येतात, स्वस्त दिसलं म्हणून दाबलेलं तिकीट नेमकं दुसरीकडचं निघतं. जाताना एकीकडून आणि येताना दुसरीकडे असंही होतं.

या विमानतळाला मुक्काम पनवेल, बेलापूर, खारघर, नेरूळ. पुणे, रायगड, कोकणातून येणाऱ्याला हा जास्त सोयीचा, सायन-पनवेलची गर्दी वाचते. फोर्टहून जायचं तर अटल सेतूवरून. कारला एका बाजूचा टोल २५० रुपये, तो टॅक्सीच्या भाड्यात धरलाय का ते आधीच विचारा.

विमान १५ तारखेला ००:४५ ला आहे. खोली कुठल्या तारखेची घ्यायची?

१४ ची. आणि पोचायचंही १४ ला रात्री साडेनऊ-पावणेदहाला. मुंबईहून आखात, युरोप, अमेरिकेकडे जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्र ते पहाटे याच वेळात सुटतात, आणि तारखेचा हा घोळ त्यामुळेच सारखा होतो. १५ ला सकाळी निघायचं समजून बसलेल्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

खोलीचंही एक बघा. हॉटेलांचा चेक-इन दुपारी २ चा आणि चेक-आउट ११ किंवा १२ चा. तुम्ही १४ ला सकाळी ७ च्या रेल्वेने उतरलात तर दुपारपर्यंत खोली नाही, आणि रात्री नऊला तर तुम्ही निघणार. पूर्ण रात्रीचे पैसे देऊन सात तास वापरायचे. यावर दोन उपाय. बरीच छोटी लॉजं २४ तासांच्या हिशेबाने खोली देतात, म्हणजे सकाळी ८ ला घेतली तर दुसऱ्या दिवशी ८ पर्यंत तुमची, फोनवर ‘२४ तास आहे का’ एवढंच विचारायचं. नाहीतर फक्त दिवसापुरती खोली मागायची. एअरपोर्टजवळच्या हॉटेलांना ही मागणी नवी नाही, ते सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असा भाव सांगतात. टर्मिनल २ मध्येच तासांवर खोली देणारं ट्रान्झिट हॉटेलही आहे. महाग आहे, पण सात-आठ तासांच्या थांब्याला परवडतं.

दोन रात्री आहेत. एक रात्र शहरात, एक एअरपोर्टजवळ, असं करू का?

एकटे असाल आणि पाठीवर एकच बॅग असेल तर जरूर करा. कुटुंब आणि चार बॅगा असतील तर नको. दोनदा सामान बांधा, दोनदा ओळखपत्रं द्या, यातच अर्धा दिवस जातो. करायचंच असेल तर दुसऱ्या संध्याकाळी चारच्या आत निघा किंवा जेवून नऊनंतर. मधल्या वेळात टॅक्सी नको.

डोंबिवलीला मावशी आहे. हॉटेलचे पैसे कशाला?

आदल्या दिवशी जायचं, जेवायचं, गप्पा मारायच्या, तोवर काही अडचण नाही. प्रश्न पहाटेचा आहे. रात्री साधारण एक ते चार लोकल नसते. सहाच्या विमानाला डोंबिवलीहून अडीच-तीनला गाडीने निघावं लागतं, म्हणजे सगळं घर जागं. मावशी दीडला उठून उपमा करणार, काका खाली सोडायला येणार. दुपारचं विमान असेल तर मात्र मावशीकडेच जा. फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. सकाळी आठ ते दहा मात्र बॅग घेऊन डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये चढायचा प्रयत्न करू नका, त्या गाडीत हात हलवायलाही जागा नसते. विरार-नालासोपाऱ्यालाही गर्दीचं हेच लागू.

पुण्याहून पहाटेचं विमान आहे. आदल्या रात्री मुक्काम करावा का?

पुणे ते सहार साधारण १५० किलोमीटर, साडेतीन-चार तास. रात्री दोनच्या आंतरराष्ट्रीय विमानाला मुक्कामाची गरज नाही, संध्याकाळी सहाला निघा. सकाळी सातच्या विमानाला मध्यरात्री निघावं लागतं, तेव्हा ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून आलेला असू शकतो. अशा वेळी, आणि जून ते सप्टेंबरमध्ये कुठल्याही विमानाला, आदल्या दिवशी येऊन राहिलेलं बरं. घाटात दरड आली की चाराचे सहा-सात तास होतात.

कुठल्या दिवसांत हे सगळे अंदाज कोलमडतात?

मुसळधार पावसात पहिला अंधेरी सबवे भरतो, मग मिलन सबवे. म्हणजे पश्चिमेला राहणाऱ्याला पूर्वेकडच्या विमानतळावर पोचणं अवघड. जुलै-ऑगस्टमध्ये खोली पूर्वेलाच घ्या. अनंत चतुर्दशीला गिरगाव, लालबाग, दादरचे रस्ते दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत विसरा. ६ डिसेंबरला, आणि त्याआधी दोन-तीन दिवस, दादर-शिवाजी पार्कला चैत्यभूमीच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी असते आणि रस्ते वळवलेले असतात. जानेवारीतल्या एका रविवारी मॅरेथॉनसाठी दक्षिण मुंबईचे रस्ते आणि सी-लिंक पहाटेपासून बंद असतात. फोर्टातल्या हॉटेलातून त्या दिवशी टॅक्सी मिळाली तरी ती बाहेर पडणार कुठून? लोकलचा मेगाब्लॉक रविवारी दिवसा असतो, आदल्या दिवशी वेळापत्रक बघा.

बिलात आणि ओळखपत्रात काय अडतं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी, त्याहून महाग खोलीला १८ टक्के. ७,४०० ची खोली कर धरून ७,७७० ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. सीमेवरची खोली असेल तर शंभर-दोनशे कमी करून मागा, हॉटेलवाल्यालाही हे माहीत असतं.

ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं, मुलांचंही. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. काही लॉज मुंबई किंवा आसपासचा पत्ता असलेलं आधार घेत नाहीत, त्यांच्या भाषेत ‘लोकल आयडी’. ठाण्यात राहणाऱ्याला पहाटेच्या विमानासाठी खोली हवी असते तेव्हा हे हमखास आडवं येतं, म्हणून आधी विचारा. सोबत परदेशी पासपोर्टवाला भाचा असेल तर हॉटेलला त्याची माहिती २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. ज्या लॉजची तशी नोंदणी नाही ते खोली देत नाहीत, आणि हे काउंटरवर रात्री बाराला कळतं.

चेक-आउटनंतर सामान कुठे ठेवू?

हॉटेलच्या काउंटरवर बहुतेक ठिकाणी फुकट ठेवतात, पैसे-दागिने सोडून. सीएसएमटी, दादर, मुंबई सेंट्रलला रेल्वेची क्लोक रूम आहे, पण तिथे बॅगेला कुलूप आणि रेल्वेचं तिकीट लागतं. विमानाच्या तिकिटावर घेत नाहीत.

खोली घेण्याआधी फोनवर नेमकं काय विचारायचं?

ॲपवरून नव्हे, लॉजच्या काउंटरवर फोन करून विचारा. बुकिंग मिळालंय का आणि ते कुणाच्या नावाने आहे. खोली रस्त्याकडे की मागे. हायवेकडच्या खोलीत रात्रभर ट्रक ऐकू येतात, त्यापुढे विमानाचा आवाज काहीच नाही. लिफ्ट आहे का. गाडी सोडणार असतील तर किती वाजता आणि किती जणांना, कारण ‘फुकट पिकअप’ बरेचदा ठरावीक वेळेचीच असते. आणि पहाटे निघणाऱ्यांनी गरम पाणी. पुष्कळ लॉजांत ते ६ ते ९ एवढंच येतं. तीनला उठणाऱ्याच्या वाट्याला गारच, खोलीत स्वतंत्र गिझर असेल तरच खरं.

पोचल्यावर बिल रात्रीच चुकतं करून पावती घ्या आणि डिपॉझिट परत घ्या, पहाटे काउंटरवरच्या पोऱ्याकडे गल्ल्याची किल्ली नसते. नाश्ता सातला सुरू होतो, त्याऐवजी बांधून देतात का विचारा. शेवटी, खालचं शटर रात्री ओढतात का आणि त्याची किल्ली कुणाकडे असते हे बघून ठेवा. ज्याच्याकडे असते तो वॉचमन जिन्याखाली झोपतो. त्याला झोपण्याआधीच सांगा, तीनला उठवणार आहे म्हणून.